मोटर जळण्याआधी: ऑनलाइन धंद्यासाठी लेख लिहिताना दम कसा टिकवायचा

मराठवाड्यात 'बर्नआउट' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याच्या शेतात बोअर आहे, त्यानं एकदा तरी मोटर जळालेली बघितलेली असते. पाणी खाली गेलेलं असतं, स्टार्टर चालूच राहतो, मोटर कोरडी फिरत राहते. सबमर्सिबल ज्या पाण्यात बुडालेली असते त्याच पाण्यानं थंड राहते. ते संपलं की उपसायलाही काही नाही आणि थंड व्हायलाही काही नाही. मग पाईप उपसायला माणसं बोलवा आणि वर रिवाइंडिंगचं बिल भरा. दुसरं कारण कमी व्होल्टेजचं. बोअरला पाणी असतं, पण लाईटीत दम नसतो. मोटर जास्त करंट ओढत तापत जाते.

माझी, म्हणजे लेख लिहिण्याची मोटर, दोन्ही कारणांनी जळाली.

आम्ही लातूरजवळ लाकडी घाण्यावर करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल काढतो, सोबत तूरडाळ आणि ज्वारी विकतो. घाणा आमचे हे बघतात. वेबसाइट, ऑर्डरी, पार्सल आणि लेख माझ्याकडं. सुरुवातीला पैसे भरून एक कोर्स केला होता. त्यात सांगितलं, रोज एक लेख टाका, सहा महिन्यांत गिऱ्हाईक दारात. रोज काही जमेना, म्हणून मी आठवड्याला पाच टाकायला लागले. चौथ्या महिन्यात, ऐन महालक्ष्म्यांच्या तोंडावर, 'करडई तेलाचे फायदे' याचा बारावा अवतार लिहायला बसले आणि पाऊण तास 'करडई' या शब्दापुढं गाडी हलेना. आत्याबाईंनी ठेवलेल्या चहावर साय धरली. त्या म्हणाल्या, "काय लिहायलीस एवढं? तेल तर तेवढंच आहे की."

माझं दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. माझ्याकडं सांगण्यासारखं जे होतं ते पहिल्या वीस लेखांत सांगून झालं होतं. पुढचे पन्नास मी कोरड्या बोअरमधनं ओढले होते. म्हणून खाली जे सांगतेय त्यात वेळेचं नियोजन कमी आणि पाझराची, म्हणजे सांगण्यासारखं कुठून येतं याची, चर्चा जास्त आहे.

आधी बघा: कंटाळा आहे की जळायला लागलंय

'बर्नआउट' हा शब्द या अर्थानं १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं मांडला, तो सेवाभावी दवाखान्यांत राबणाऱ्या लोकांना बघून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्याची व्याख्या पक्की केली. त्यांच्या मते हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट न हाताळल्यानं होणारी अवस्था आहे, आणि तिच्या तीन खुणा आहेत: अंगातलं बळ संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं.

लेख लिहिणाऱ्याच्या घरात या खुणा कशा दिसतात ते सांगते. रात्री आठ तास झोपूनही सकाळी लॅपटॉपकडं बघवत नाही. गिऱ्हाईकानं "ताई, हे तेल तळायला चालतं का?" असं विचारलं की उत्तराआधी चीड येते, "किती वेळा सांगायचं!" आणि लिहून झालेला लेख परत वाचवत नाही, कारण तो कुणीही लिहिला असता असा वाटतो.

एकच खूण असेल आणि रविवारी शेतात जाऊन आल्यावर उतरत असेल, तर तो कंटाळा. तिन्ही असतील आणि तीन-चार आठवडे हलत नसतील, तर मधलं सगळं सोडून आधी शेवटचा भाग वाचा.

पहिली पायरी: एक आठवडा नुसता हिशोब

या आठवड्यात काही सुधारायचं नाही. जसं लिहिता तसंच लिहा, फक्त शेजारी वही ठेवा आणि कोणत्या कामाला किती वेळ गेला ते टिपा. माझ्या एका चांगल्या लेखाचा हिशोब असा निघाला: माहिती गोळा करायला दीड तास, कच्चं लिखाण अडीच तास, माहिती तपासायला दीड, फोटो काढायला एक, वेबसाइटवर चढवायला एक, व्हॉट्सॲपवर फिरवायला अर्धा. झाले आठ तास. पाच लेखांचे चाळीस. ही अख्खी एक नोकरी झाली, आणि मी ती पार्सलं भरून, स्वयंपाक करून, पोराचा अभ्यास घेऊन उरलेल्या वेळात करत होते.

अर्थात चाळीस तास मी देत नव्हतेच. तीन-तीन तासांत लेख उरकत होते, म्हणजे तपासणं आणि फोटो गाळत होते. त्याची किंमत पुढं मोजली. एका लेखात कुठूनतरी उचलून मी लिहिलं होतं की करडई तेलानं मधुमेह बरा होतो. एका गिऱ्हाईकाचा फोन आला, ते स्वतः डॉक्टर होते. रागावले नाहीत, पण म्हणाले, "हे वाचून एखाद्यानं गोळ्या बंद केल्या तर?" खाण्याच्या वस्तूनं रोग बरा होतो असा दावा करायला अन्न सुरक्षा विभागाच्या २०१८ च्या जाहिरात-दावे नियमांनीही बंदी आहे. मग सत्तरच्या सत्तर लेख पुन्हा वाचून काढले. त्यात दोन आठवडे गेले आणि उरलासुरला उत्साहही गेला. माणूस नुसत्या कष्टानं एवढं थकत नाही, जेवढं स्वतःचं निस्तरताना थकतं.

त्याच वहीत आणखी एक रकाना करा: या लेखामुळं कुणी फोन केला का, ऑर्डर दिली का. नवीन गिऱ्हाईकाला "आमचं नाव कुठं वाचलं?" एवढं विचारायचं. माझ्या सत्तरपैकी सहा-सात लेखच माणसं आणत होते. तो आकडा बघून आधी वाईट वाटलं, मग हायसं वाटलं.

दुसरी पायरी: वाईटात वाईट आठवडा धरून आकडा ठरवा

आपण आकडा ठरवतो तो उत्साहाच्या दिवशी, जानेवारीत किंवा कोर्स संपल्याच्या संध्याकाळी. तसं करू नका. सोयाबीनची काढणी चालू आहे, मजूर मिळेनात, आभाळ भरून आलंय, घरात एक जण तापानं पडलंय, लाईट दुपारी जाऊन रात्री आली, असा आठवडा डोळ्यापुढं आणा आणि स्वतःला विचारा, या आठवड्यात मी किती तास देऊ शकते? माझं उत्तर होतं चार. म्हणजे दोन आठवड्यांत एक लेख, महिन्याला दोन. तोच माझा आकडा झाला.

'एवढ्यानं गूगलवर कसं दिसणार' हा प्रश्न येणारच. गूगलनं स्वतःच सांगितलंय की अमुक शब्दांचा लेख हवा असं त्यांचं काही माप नाही. उलट २०२२ पासून त्यांचा जोर आहे तो वाचणाऱ्याच्या कामी येणाऱ्या, अनुभवातून लिहिलेल्या मजकुरावर, आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी नुसता ढीग लावण्यासाठी काढलेल्या मजकुराला थेट स्पॅममध्ये धरायला सुरुवात केली. रोज एक लेख हे गणित बातम्यांच्या धंद्याचं आहे. तेलाच्या डब्याला ते लागू नाही.

एक अट पाळा. ठरवलेला आकडा तीन महिने वाढवायचा नाही, कितीही हुरूप आला तरी. जास्तीचा लेख झाला तर तो साठवून ठेवा. का, ते पुढं येईल.

तिसरी पायरी: प्रश्नांची वही

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, त्यामुळं इथं जरा रेंगाळते.

विषय सुचत नाहीत म्हणून आपण दुसऱ्यांच्या वेबसाइट बघतो, त्यांनी आणखी तिसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं, आणि सगळ्यांच्या बोअरला एकच आटलेला झरा. गिऱ्हाईक मात्र दिवसभर नवीन काहीतरी विचारत असतं, आणि आपण ते उत्तर देऊन विसरून जातो.

एक साधी दोनशे पानी वही घ्या, पार्सल भरता तिथंच टेबलावर ठेवा, दोरीनं पेन बांधा (नाहीतर पोरं पळवतात). फोनवर, व्हॉट्सॲपवर, बाजारात, लग्नात कुणी काही विचारलं की तेच शब्द उतरवा. आपल्या शुद्ध भाषेत सुधारायचं नाही. "डाळ शिजंना गेली" असं विचारलं तर तसंच लिहा. पुढचा गिऱ्हाईकही याच शब्दांत शोधणार आहे. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर त्यात लेबल लावायची सोय आहे. 'प्रश्न' नावाचं एक लेबल करून ते संभाषण बाजूला ठेवता येतं.

एक प्रश्न लेखापर्यंत कसा पोचतो ते दाखवते. जालन्याच्या एका बाईंचा निरोप आला होता: "मागच्या वेळची डाळ चांगली होती, या वेळची तीन शिट्ट्यांत शिजंना गेली. जुनी दिली का?" आधीची मी असते तर चिडून "नवीनच आहे मॅडम" म्हणून मोकळी झाले असते. वहीची सवय लागली होती म्हणून विचारलं, पाणी कुठलं वापरता? तर त्या नुकत्याच नव्या घरात राहायला गेल्या होत्या आणि तिथं बोअरचं पाणी होतं.

मग मी त्याच दिवशी दोन पातेली चढवली. डाळ एकाच पोत्यातली, मापही तेच, गॅसही सारखा. एकात जारचं पाणी, एकात आमच्या बोअरचं. जारच्या पाण्यातली डाळ पळीनं घोटली जायला लागली तेव्हा बोअरच्या पाण्यातली अजून दाणा-दाणा वेगळी होती. दोन्हींचा वरून फोटो काढला. कारण शोधलं तर सरळ होतं: जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं, ते विरघळत नाही, म्हणून डाळ मऊ पडत नाही. डाळ उष्ण आणि दमट जागी फार दिवस पडून राहिली तरी कडक होते, आणि चिंच आधी घातली तरी वेळ लागतो. चिमूटभर सोडा घातला की लवकर शिजते, पण त्यानं डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं.

त्या लेखाला मला आठ तास लागलेच नाहीत. पाचात झाला, आणि लिहिताना एकदाही घड्याळाकडं बघितलं नाही. मराठवाड्यात कितीतरी घरांत बोअरचंच पाणी, त्यामुळं तो आजही फिरतोय.

वहीत आठवड्याला सात-आठ प्रश्न सहज जमतात. महिन्याअखेर त्यातले दोनच निवडायचे आणि निवडताना फक्त एवढं बघायचं: याचं उत्तर मला हातानं करून दाखवता येईल का? येत असेल तर घ्या. निव्वळ वाचून लिहावं लागणार असेल तर मागं ठेवा.

जिथं आपलं ज्ञान संपतं तिथं माहीतगाराला विचारा. ज्वारीच्या वाणांबद्दल प्रश्न आले तर परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ज्वारी २०१८ मध्ये त्यांनीच इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीनं आणली. जिल्ह्याजिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रं आहेत. गावातल्या जाणत्या शेतकऱ्याकडं अर्धा तास बसलं तर एका लेखाचं धान्य निघतं. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ही डाळ वेगळी का लागते हे मी इंटरनेटवर कमी आणि बांधावर जास्त शिकले.

चौथी पायरी: एका बैठकीत एकच काम

लेख लिहायला बसलो म्हणतो तेव्हा आपण पाच वेगवेगळी कामं एकदम करत असतो. आठवत असतो, मांडत असतो, शब्द शोधत असतो, चुका सुधारत असतो आणि मधेच फोटो कुठं गेला ते बघत असतो. भाकरी थापताना एकीकडं पीठ दळण्यासारखं ते आहे.

मी ते असं तोडलं. सोमवारी विषय निवडून वहीतच पाच ओळी: कुणी विचारलं, उत्तर काय, का, कसं करून बघितलं, काय टाळायचं. बुधवारी बोलून लिखाण. मोबाईलवर जीबोर्डचा, म्हणजे गूगलच्या कीबोर्डचा, माइक मराठीवर लावते आणि गोदामात फेऱ्या मारत त्या जालन्याच्या बाईंना समजावून सांगतेय असं बोलते. वीस मिनिटांत सहाशे-सातशे शब्द होतात. त्यात चुका भरपूर असतात. एकदा 'लाकडी घाण्याचं तेल' याचं त्यानं 'लाकडी घाण तेल' केलं होतं आणि मी ते तसंच चढवणार होते, पोरानं वाचलं म्हणून वाचले. म्हणून शुक्रवारी फक्त सुधारणा. सुधारताना नवीन काही लिहायचं नाही, फक्त कापायचं आणि तपासायचं. पुढच्या आठवड्यात एक दिवस फोटो आणि चढवणं.

कोणतंही काम तासाच्या वर नेत नाही. हे वाचायला सोपं आहे. पाळताना पहिले दोन आठवडे हात वळवळतात.

पाचवी पायरी: लेखांची बेगमी

आपल्या आया-आज्या एप्रिल-मेमध्ये कुरडया, पापड, सांडगे, शेवया करून डबे भरून ठेवायच्या, कारण पावसाळ्यात ऊन मिळणार नाही हे त्यांना ठाऊक असायचं. लेखांचं तसंच करा. कायम चार लेख तयार, तपासलेले, फोटोसकट डब्यात पाहिजेत. दुसऱ्या पायरीत जास्तीचा लेख साठवा म्हटलं ते यासाठी. घरात कुणी आजारी पडलं, दोन दिवस लाईट नाही, मन लागत नाही, तर डब्यातला एक काढायचा. नंतर जमेल तसा डबा परत भरायचा. माझी अर्धी धडधड या चार लेखांनी घालवली.

बेगमी करायची तर हंगाम ओळखायला पाहिजे, आणि हा हंगाम आपल्या मालाचा असतो. करडईचंच बघा. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, तीही भल्या पहाटे, कारण दवानं काटे मऊ पडतात. ऊन चढलं की हातात घुसतात. पहाटेच्या त्या काढणीचा फोटो, हातांना कापड गुंडाळलेली माणसं, ओलसर काटे, हे ऑगस्टमध्ये कुठून आणणार? म्हणून जे दिसतं ते त्या त्या वेळी टिपून ठेवायचं, लिहायचं तेव्हा लिहायचं. नवीन तूर जानेवारीच्या आसपास येते, हुरड्याचे दिवसही तेच, केसर आंबा मे महिन्यात. महालक्ष्म्यांना डाळ आणि दिवाळीला तेल जातं, त्यामुळं त्या दोन महिन्यांत मी एक ओळ नवीन लिहीत नाही. तेव्हा पार्सलं भरायची असतात.

कॅलेंडरवर सुट्ट्याही आधीच लिहा. आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, अख्खं लातूर शेतात असतं. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, आणि जेवण झाल्यावर झाडाखाली आडवं होणं. पहिल्या वर्षी मी तिथं मोबाईलवर लेखाचं शीर्षक जुळवत बसले होते. भज्जीची चव आठवत नाही, शीर्षकही आठवत नाही.

सहावी पायरी: जुनं शेत आधी नांगरा

तुमच्याकडं तीस-चाळीस लेख असतील तर नवीन लिहिण्याआधी तेच बघा. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे आणि मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं दाखवतं: लोक कोणते शब्द शोधून आले, कोणता लेख दिसतो पण कुणी उघडत नाही. दिसतो पण उघडत नाहीत त्याचं शीर्षक गिऱ्हाईकाच्या शब्दांत बदला. एकाच विषयावरचे बारा लेख असतील, माझे होते, तर चांगला एक ठेवून बाकीच्यातलं कामाचं त्यात घाला आणि उरलेल्या लेखांच्या लिंक त्याच्याकडं वळवा. नुसती तारीख बदलून ताजा दाखवायच्या फंदात पडू नका, त्यानं काही होत नाही.

एक लेख झाला की त्याचा रस पूर्ण काढा. डाळीच्या लेखातल्या चार ओळी मी छापून प्रत्येक डाळीच्या पार्सलमध्ये टाकते. दोन पातेल्यांचा फोटो स्टेटसला जातो. ते सगळं लिहिणंच आहे, फक्त परत डोकं खाजवावं लागत नाही.

सातवी पायरी: आकडे महिन्यातून एकदाच

मी दिवसातून दहा वेळा बघायचे, आज किती जणांनी वाचलं. सकाळी ११, दुपारी १३, रात्री परत १३. नव्या लेखाला शोधात वर यायला आठवडे लागतात, कधी महिने. पेरून रोज उकरून बघितलं तर कोंब येईल का? महिन्याच्या एक तारखेला, चहा घेऊन, अर्धा तास. मोबाईलमधलं आकडे दाखवणारं ॲप काढून टाका, म्हणजे हात जाणार नाही.

एआयचं काय?

विचारणार हे माहीत आहे. मी वापरते, पण घाण्याला बैल जुंपावा तसं. लगाम माझ्या हातात. शुद्धलेखन बघायला, लांबलेला परिच्छेद आखूड करायला, 'आणखी काय विचारतील' याची यादी काढायला ठीक आहे. अख्खा लेख करून घेतला तर मराठी इंग्रजीतून उतरवल्यासारखं येतं, आणि त्यातले दावे तपासत बसणं स्वतः लिहिण्यापेक्षा जास्त दमवतं. शिवाय माझी दोन पातेली त्याला कुठून माहीत?

व्होल्टेज: शरीराकडं बघा

एवढं सगळं केलं आणि झोप पाचच तास घेतली तर पाणी असूनही मोटर तापणार. मी रात्री अकराला, सगळं आवरल्यावर लिहायला बसायचे. आता सकाळी साडेपाच ते साडेसहा. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो. दुपारी पत्र्याच्या खोलीत डोकं चालावं ही अपेक्षाच चूक आहे.

डोळ्यांसाठी डॉक्टर सांगतात तो साधा नियम: दर २० मिनिटांनी, २० फुटांवरच्या वस्तूकडं, २० सेकंद बघा. आमच्या खिडकीतून शेजारच्या अंगणातलं लिंबाचं झाड बरोबर तेवढ्यावर आहे. लाईट गेली तर ती सुट्टी समजा. इन्व्हर्टरवर रेटत बसू नका, मीही बसायचे.

आणि घरात सांगा. "मी मोबाईल बघत बसत नाही, धंद्याचं काम करतेय, साडेसहापर्यंत हाक मारू नका," हे एकदा स्पष्ट बोलले त्यानंतर निम्मा ताण गेला. मदत घ्यायची तर लिखाणात घेऊ नका, आजूबाजूच्या कामात घ्या. नणंदेची मुलगी कॉलेजात आहे, ती फोटो काढते आणि लेख चढवते. तिला लेखामागं ठरलेले पैसे देते. फुकट काम करून घेतलं की पुढच्या महिन्यात ते परत आपल्याच गळ्यात येतं.

आणि जळालीच असेल तर

तीन आठवडे नवीन लेख बंद. वेबसाइट पडत नाही, गिऱ्हाईक पळत नाही. डब्यात बेगमी असेल तर त्यातलं टाका, नसेल तर काहीच टाकू नका. या काळात धंदा फोनवर चालवा. वहीत फक्त प्रश्न उतरवा, उत्तर लिहायचं बंधन नाही. स्टार्टर बंद ठेवला की बोअरमध्ये पाणी हळूहळू वर येतं, तसं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा प्रश्न वाचून हात शिवशिवायला लागतो. लगेच पळायचं नाही. पहिला लेख दोनशे शब्दांचा, एकाच प्रश्नाचा.

लिखाण बंद करूनही उदासी हटत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर ते लेखांचं दुखणं राहिलेलं नाही. डॉक्टरांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात जाता येतं. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मी एकदा फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, "जेवण झालं का?"

माझ्या तीन आठवड्यांनंतरचा पहिला लेख होता तो 'करडईच्या तेलाला फेस का येतो' याचा. उत्तर एकशे ऐंशी शब्दांत झालं. आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "कढई ओली असली तरी येतो की, ते नाही लिहिलंस." मी ती ओळ घातली आणि लॅपटॉप मिटला.